लूप लावण्याआधी: लय, पट्टी आणि हक्क
(घरी गाणं रेकॉर्ड करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

माइक आणि ऑडिओ इंटरफेस घेऊन गेलेल्यांचा पंधरा-वीस दिवसांत हमखास फोन येतो. तक्रार सामानाची नसते. "तबल्याचा लूप लावला, पण गाणं त्यावर बसतच नाही," असं सगळे सांगतात. म्हणून हे पत्रक.

लूप म्हणजे ठेक्याचा किंवा सुरावटीचा आधीच वाजवून ठेवलेला, एक-दोन-चार आवर्तनांचा (तालाच्या पूर्ण फेऱ्यांचा) तुकडा. तो सलग कितीही वेळा वाजला तरी सांधा ऐकू येत नाही. ॲपलचं गॅरेजबँड हे गाणं रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर २००४ साली आलं, तेच अशा लूपांचा साठा सोबत घेऊन. रिहानाच्या २००७ सालच्या 'अम्ब्रेला'मधला ड्रमचा ठेका त्याच साठ्यातला आहे. तेव्हा तयार लूप वापरण्यात कमीपणा मानू नका. ॲण्ड्रॉइड फोन असेल तर बँडलॅब ॲपमध्येही लूप मिळतात.

आधी तुमची लय

लूप आवडला की लोक त्याच्या लयीत गायला जातात आणि मुखड्यातच दम लागतो. उलट करा. काहीही न लावता, हाताने टाळी देत मुखडा गा आणि मोबाइलवर वेळ मोजा. समजा, केरव्याची (आठ मात्रांचा ताल) दहा आवर्तनं २५ सेकंदांत झाली. म्हणजे एक आवर्तन अडीच सेकंदांचं. २४० ला अडीचने भागा: ९६. हाच तुमचा टेम्पो, म्हणजे मिनिटाला ९६ ठोके. (केरव्याच्या आठ मात्रा ४/४ च्या एका बारमध्ये, म्हणजे चार ठोक्यांत, बसवल्या की हा हिशेब जुळतो: ४ × ६० सेकंद = २४०.) सॉफ्टवेअरमधल्या प्रोजेक्टला (तुमच्या गाण्याच्या फाइलला) हा आकडा द्या, मगच लूप शोधा.

मूळ ११० च्या लयीत वाजवलेला तबला ९६ वर आणला तर साधारण चालून जातो. ७० वर ओढला की बोल रबरासारखे ताणले जातात, डग्ग्याची घुमक फाटते. अशा वेळी संथ लयीत वाजवलेलाच लूप शोधा.

गाणं दादऱ्यात असेल तर प्रोजेक्ट आधी ६/८ मध्ये घ्या. सहा मात्रांच्या गाण्याखाली आठ मात्रांचा लूप ठेवला तर दोघांची सम (पहिली मात्रा) थेट चोविसाव्या मात्रेनंतर भेटते.

मग पट्टी

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. मध्यंतरी भजनी मंडळातले एक काका लॅपटॉप घेऊन दुकानात आले. गाणार काळी एकमध्ये. प्रोजेक्टची 'की' (पट्टी) त्यांनी बरोबर सी शार्प, म्हणजे काळी एकच, ठेवली होती, तानपुऱ्याचा लूप आपोआप तिथे आला होता. तरी काहीतरी टोचत होतं. काउंटरवरची पेटी (हार्मोनियम) काढली, तबल्याचा नुसता 'ना' हा बोल पुन्हा पुन्हा वाजवला आणि सूर शोधला. तबला पांढरी दोनमध्ये लावलेला होता, म्हणजे अर्ध्या स्वराने चढा.

कारण असं, की सॉफ्टवेअर तालवाद्याच्या लूपला बहुधा सूर नसतो असं धरतं. ड्रमपुरतं ते ठीक आहे. पण आपला तबला सुरात लावलेला असतो, आणि प्रोजेक्टची की बदलली तरी तो जागचा हलत नाही. काकांच्या लूपवर क्लिक करून एडिटरमध्ये ट्रान्सपोज उणे एक केलं, म्हणजे सूर अर्ध्या स्वराने खाली आणला. काकांनी डोळे मिटून अख्खा अभंग तिथेच म्हटला.

तुमच्याकडेही हेच करा: 'ना' ऐका, पेटीवर सूर लावा, लूप हलवा. एक-दोन अर्धस्वरांपर्यंत निभावतं, चार-पाच हलवलेत तर तबला खेळण्यातला वाटतो. गॅरेजबँडमधले निळे लूप खऱ्या ध्वनिमुद्रणाचे, त्यांना ही मर्यादा आहे. हिरवे लूप नोटेशनसारखे असतात, ते बिनधास्त हलवा, त्यातले स्वरही बदलता येतात.

हक्कांचं काय?

गॅरेजबँडचे लूप स्वतःच्या गाण्यात वापरून ते गाणं विकलंत तरी चालतं. सुटा लूप मात्र तसाच विकता किंवा वाटता येत नाही. इतर ठिकाणच्या लूपांच्या अटी डाउनलोड करतानाच वाचा आणि पावतीसह जपून ठेवा. तोच लूप हजारो जणांकडे असतो, त्यामुळे यूट्यूबवर कोणी दावा केला तर ती पावती आणि तुमची प्रोजेक्ट फाइलच कामाला येते.

जुन्या गाण्यातली चार आवर्तनं कापून लूप करू नका. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत, पण गेल्या काही दशकांत कोणी दिलेली चाल सर्वांची असेलच असं नाही.

अडलंच तर मोबाइलवर नुसता गायलेला मुखडा घेऊन दुकानात या. पेटी काउंटरवरच असते. पट्टी आणि टेम्पो काढून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही.