तंबाखूची पुडी आणि रात्रीची गोळी

बांधकामावरचा गवंडी दुपारचा डबा संपवून भिंतीला टेकतो. हात धुऊन झालेत, पाणी पिऊन झालंय. खिशातून पुडी निघते. डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू, नखाने डबीतला चुना, मग उजव्या अंगठ्याने मळणं. दोन-तीन थापा मारून भुकटी उडवायची आणि चिमूट खालच्या ओठाआड सरकवायची. हे सगळं चालू असताना तोंड शेजारच्याशी बोलत असतं, नजर रस्त्यावर असते. हात आपले आपण काम उरकतात. आज किती वेळा खाल्लीस, असं विचारलं तर त्याला आकडा सांगता येत नाही. तो लपवत नसतो, त्याला खरंच आठवत नसतं.

या गवंड्याला मागच्या महिन्यात डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी सुरू केली आहे, रोज रात्री एक. ती मात्र आठवड्यातून दोनदा तरी राहतेच. घरचे म्हणतात, "तंबाखू बरी आठवते!" बोलणं लागतं, पण त्यात एक चांगला प्रश्न दडलेला आहे. जे सोडायचंय ते न आठवता घडतं आणि जे करायचंय ते ठरवूनही राहून जातं, हे कसं?

आपल्याकडे याचं उत्तर ठरलेलं असतं: मनाचा निग्रह कमी पडतो. सवयींवरचं संशोधन वाचताना मला हे उत्तर अपुरं तर वाटतंच, शिवाय अन्यायाचंही वाटतं. माणसाला बोल लावून ते मोकळं होतं. सवय कशाच्या आधाराने उभी आहे, इकडे ते बघतच नाही.

मेंदूपासून सुरुवात करू. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये ॲन ग्रेबील यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराच्या बोळात सोडत. टक् असा आवाज होऊन दार उघडायचं. पुढे गेल्यावर एक सूर ऐकू यायचा, त्यावरून डावीकडे वळायचं की उजवीकडे ते समजायचं. बरोबर वळलं की चॉकलेट. मेंदूत खोलवर स्ट्रायाटम नावाचा भाग असतो. तिथल्या पेशींची हालचाल बारीक तारांनी टिपली जात होती. उंदीर नवखा असताना, हुंगत-थबकत चालताना, या पेशी वाटभर काम करत. सराव झाल्यावर त्या दार उघडताना आणि शेवटी खाऊ मिळताना तेवढ्या जोरात चालत, मधल्या वाटेवर जवळपास गप्प. १९९९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुट्या सुट्या पावलांची मिळून मेंदूने एकच क्रिया केली होती. पहिला इशारा मिळाला की बाकीची पावलं ठरवावी लागत नव्हती.

पुडी उघडण्यापासून थाप मारण्यापर्यंतचं गवंड्याचं काम असंच एकसंध झालेलं आहे. ते सुरू कशाने होतं? जेवण उरकलं या निमित्ताने. चहा झाला, एसटीची वाट बघतोय, मुकादमाशी वाजलं, असं प्रत्येक निमित्त आपापल्या बाराला बांधलेलं असतं. खेड्यापाड्यांत अनेक बायका सकाळी उठल्याउठल्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावतात. तिथे ते निमित्त दिवस उजाडणं हेच असतं. त्यामुळे 'तंबाखू सोड' हा सल्ला एका गोष्टीबद्दलचा वाटला, तरी दिवसातल्या दहा वेगवेगळ्या जागी त्याला उत्तर द्यावं लागतं.

सवय पक्की झाली की तिच्यातली गोडी गेली तरी ती चालू राहते. डेव्हिड नील, वेंडी वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. चित्रपटगृहातल्या काही प्रेक्षकांना ताजे पॉपकॉर्न दिले, काहींना ७ दिवसांचे शिळे. शिळे कुणालाच आवडले नाहीत. तरीही सिनेमा बघताना पॉपकॉर्न खायची ज्यांना पक्की सवय होती, त्यांनी ते ताज्याइतकेच संपवले. ज्यांना तशी सवय नव्हती त्यांनी बाजूला ठेवले. मग जागा बदलली. बैठकीच्या साध्या खोलीत गाण्यांचे व्हिडिओ दाखवले, तर सवयीच्या लोकांनीही शिळे पॉपकॉर्न कमी खाल्ले. पुढच्या फेरीत पुन्हा चित्रपटगृहच, पण अट अशी की नेहमीच्या हाताने खायचं नाही, दुसऱ्या हाताने खायचं. एवढ्यानेही चव कळायला लागली आणि खाणं घटलं. माणसं तीच, त्यांचा निग्रहही तेवढाच. फक्त हाताची ओळखीची वाट मोडली होती.

याहून मोठा दाखला युद्धाचा आहे. १९७१ साली व्हिएतनाममधल्या अमेरिकी सैनिकांमध्ये हेरॉइनचं प्रमाण इतकं वाढलं होतं की ते मायदेशी परतल्यावर काय होणार, या धास्तीने सरकारने खास कार्यालय उघडलं. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ली रॉबिन्स यांनी परतलेल्या सैनिकांचा माग ठेवला. पाचातला एक जण म्हणत होता, तिथे असताना मी व्यसनी झालो होतो. घरी आल्यावर वर्षभरात या व्यसनी झालेल्यांपैकी पुन्हा व्यसनात अडकले साधारण ५ टक्के. तोवरचा अनुभव याच्या इतका उलटा होता की सुरुवातीला अनेकांचा या आकड्यांवर विश्वासच बसला नाही. तिथे हेरॉइन स्वस्त आणि शुद्ध मिळायचं, सोबतीला तेच साथीदार, तोच कंटाळा आणि तीच भीती. घरी यातलं काही नव्हतं. सगळं श्रेय जागाबदलाला देता येणार नाही, कारण घरी हेरॉइन महाग होतं आणि पकडलं जाण्याची भीतीही होती. पण ज्या व्यसनाला आपण सर्वांत चिवट समजतो, त्यातही परिसराचा वाटा केवढा असतो, हे या अभ्यासाने दाखवलं.

आता गोळीकडे वळू. नवी सवय २१ दिवसांत लागते, असं सर्रास सांगितलं जातं. या आकड्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लिखाणात सापडतो. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला निदान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातला 'निदान' हा शब्द पुढे गळून पडला आणि चेहऱ्याबद्दलचं बोलणं व्यायामापासून वाचनापर्यंत सगळ्याला चिकटलं.

प्रत्यक्ष मोजमाप केलं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९६ जणांनी १२ आठवडे एकेक साधी सवय लावून घेण्याचा प्रयत्न केला. कुणी जेवणाबरोबर फळ खायचं ठरवलं, कुणी पाणी प्यायचं, कुणी रात्रीच्या जेवणाआधी १५ मिनिटं पळायचं. रोज ते नोंदवत, आज हे किती आपोआप झालं. ज्यांच्या नोंदींचा आलेख नीट बसला अशा ३९ जणांमध्ये मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. फरक मात्र प्रचंड होता: कुणाला १८ दिवस, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब. पाणी पिणं लवकर अंगवळणी पडलं, व्यायामाला जास्त वेळ लागला. सुरुवातीचे दिवस सवयीत सर्वांत जास्त भर घालतात, नंतरचा प्रत्येक दिवस थोडी थोडी. आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी की एखादा दिवस चुकल्याने या वाढीत जाणवेल असा फरक पडला नाही. 'खंड पडला, आता सगळं पाण्यात गेलं' असं म्हणून किती जण प्राणायाम, फिरायला जाणं, औषधं सोडून देतात! ते म्हणणं आकड्यांवर टिकत नाही.

या सगळ्या सवयींमध्ये एक साम्य होतं. प्रत्येकीला रोज न चुकता येणाऱ्या एखाद्या गोष्टीशी बांधलेलं होतं. आपल्या गवंड्याची गोळी नेमकी इथे मार खाते. 'रोज रात्री एक' म्हणजे नक्की कधी? रात्र चांगली लांबलचक असते, त्यात गोळीच्या वाट्याला एकही क्षण आलेला नाही. जेवण, टीव्ही, हिशेब, झोप यांच्यामधून ती निसटते. त्याऐवजी 'जेवून ताट मोरीत ठेवलं की तांब्या उचलायच्या आधी गोळी' असं ठरवलं आणि पाकीट तांब्याशेजारीच ठेवलं, तर गोष्ट बदलते. पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी 'अमुक झालं की तमुक करीन' अशा ठरावांवर आयुष्यभर काम केलं. २००६ साली त्यांनी पास्कल शीरन यांच्यासोबत अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या. नुसत्या इच्छेपेक्षा असा ठराव केलेल्यांची कामं बरीच जास्त पार पडत होती.

हे आपल्या मातीत कसं उतरतं, ते पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या एका प्रयोगात दिसलं. रेश्मा हुसाम आणि सहकाऱ्यांनी खेड्यांतल्या घरांना साबणाच्या भिंतीवरच्या कुप्या दिल्या. कुपी कधी दाबली गेली त्याची वेळ आतलं यंत्र टिपायचं. जंतू आणि साबण यांविषयी लोकांना आधीच माहिती होती, घरात साबणही होता. जेवायच्या आधी मात्र बहुतेक जण नुसत्या पाण्याने हात धूत. संशोधकांनी नवी वेळ शोधली नाही. रात्री जेवायच्या आधी हात पाण्याखाली जात होतेच, त्याच क्षणाला साबण जोडला. काही घरांना साबण वापरल्याबद्दल बक्षिसाची तिकिटं मिळत. पुढे तिकिटं बंद झाली तरी त्या घरांत हात धुणं टिकून राहिलं, आणि कुपी मिळालेल्या घरांतल्या मुलांमध्ये जुलाब आणि श्वसनाचे आजार घटले. सवय लागेपर्यंत आमिष द्यायला हरकत नसावी. मुलांना बक्षीस दिलं की ती लालची होतात, ही भीती निदान इथे खरी ठरली नाही.

जुनी सवय मोडणं याहून अवघड आहे, कारण ती पुसली जात नाही. ग्रेबील यांच्याच प्रयोगशाळेतलं २०१२ सालचं काम पाहा. उंदरांना चॉकलेटसारख्या खाऊची सवय लावली, मग तो खाल्ल्यावर मळमळेल असं केलं. तरी ते त्याच बाजूला पळत राहिले. मेंदूच्या पुढच्या भागातली एक छोटी जागा प्रकाशाच्या झोताने क्षणभर बंद केली, तर ते थांबले आणि दुसऱ्या बाजूला जाऊ लागले. हळूहळू तीही सवय झाली. मग तीच जागा पुन्हा बंद केली, तर नवी सवय गेली आणि जुनी जशीच्या तशी परत आली. गवत उगवलेल्या रानात गाडीची जुनी चाकोरी शाबूत असावी, तसं हे आहे.

तंबाखूच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. निकोटिनची तल्लफ शरीराची आहे आणि खरी आहे. चिडचिड, झोप मोडणं, डोकं दुखणं याचा जोर पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि तीन-चार आठवड्यांत तो बराच उतरतो. त्यासाठी डॉक्टर औषधं किंवा निकोटिनचं च्युइंगम देऊ शकतात. सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत फोनसेवाही आहे. तो क्रमांक पुडीवरच छापलेला असतो. शरीर मोकळं झाल्यावर उरतात ती निमित्तं. तीन महिने हात न लावलेला माणूस लग्नाच्या पंगतीतून उठतो, कुणीतरी तळहात पुढे करतो, आणि बार लागतो. त्या क्षणी 'नको' एवढंच ठरवलेलं असेल तर हात रिकामा राहतो. हाताला दुसरं काम लागतं. नखं कुरतडण्यासारख्या सवयींवर नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन यांनी १९७३ साली जी पद्धत मांडली तिचा गाभा हाच: ऊर्मी आली की तिच्या आड येणारी दुसरी कृती करायची. जेवणानंतर बडीशेप, लवंग चालेल. सुपारी मात्र अजिबात नको. तंबाखू सोडून नुसत्या सुपारीवर आलेले लोक आपण सुटलो असं समजतात, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच तंबाखूविना सुपारीही कर्करोगकारक ठरवली आहे. तोंड उघडेनासं होण्याचा आजारही सुपारीनेच होतो. मावा आणि खर्रा यांत तर दोन्ही एकत्र.

सवयी सैल होण्याचा एक काळ असतो, तो म्हणजे जागा बदलते तेव्हाचा. ब्रिटनमधल्या पीटरबरो इथे बास वेर्प्लँकेन आणि डेबोरा रॉय यांनी ८०० जणांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्यांनी नुकतंच घर बदललं होतं. पाणी, वीज, प्रवास यांच्या सवयी बदलायला मदत केल्यावर स्थलांतरितांमध्ये परिणाम जास्त दिसला, आणि ही संधी साधारण तीन महिने टिकते असं त्यांना आढळलं. बदली झालेला शिक्षक, नव्या साइटवर गेलेली गवंड्यांची टोळी, नव्या घरात आलेलं कुटुंब यांना हे तीन महिने आपसूक मिळतात. नव्या जागेतल्या जेवणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत काय होतं, त्यावर पुढचं बरंच ठरतं.

पण ही फट दोन्हीकडून उघडी असते. घर सोडून वसतिगृहात आलेल्या मुलाच्या जुन्या सवयी जशा सैल पडतात, तशा नव्या पटकन बसतातही, आणि पहिली पुडी, पहिली सिगारेट याच आठवड्यांत समोर येते. तंबाखूविरोधी दिन ३१ मे रोजी पाळला जातो. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळा-कॉलेजांना सुट्टी असते. फलक लागतात, शपथा होतात, ऐकायला मुलं नसतात. तोच वेळ आणि तोच पैसा कॉलेज सुरू झाल्यावरच्या पहिल्या पंधरवड्यात वसतिगृहांवर खर्च व्हायला हवा: मेसबाहेरच्या टपऱ्या हटवण्यावर, रात्री जेवणानंतर मैदानाचे दिवे चालू ठेवण्यावर, आणि मुलांशी बोलायला एखादा समुपदेशक संध्याकाळी तिथेच बसवण्यावर.