लॅपटॉपच्या लॅन जोडणीतील बिघाड

लॅपटॉप लॅन वायरने राउटर, स्विच किंवा भिंतीतल्या आयओ बॉक्सला (वायर खोचायच्या खोबणीला) जोडल्यावर नेटवर्क न मिळणे, मधूनमधून तुटणे किंवा अपेक्षेपेक्षा फारच मंद चालणे; तसेच यामागचे कारण टप्प्याटप्प्याने शोधून ते दूर करण्याची पद्धत. वाय-फाय घरोघरी पोचले तरी ऑनलाइन परीक्षा, मोठ्या फाइलींची देवाणघेवाण, ऑफिसच्या सर्व्हरवरचे काम अशा जिथे मध्येच खंड पडून चालत नाही तिथे आजही वायरच लावली जाते.

या बिघाडाची एक चांगली बाजू अशी की तो कुठे असू शकतो याला मर्यादा आहेत. वाय-फायमध्ये भिंत आड येते, शेजाऱ्याचा राउटर त्रास देतो. वायरीच्या जोडणीत दोन टोके, मध्ये आठ तारा, दोन्हीकडे एकेक चिप आणि त्यावर सॉफ्टवेअर एवढाच कारभार असतो. म्हणून खालून वर, म्हणजे प्लगपासून सुरुवात करून सॉफ्टवेअरकडे जाणारा शोध बहुधा लवकर संपतो. प्रत्यक्षात लोक उलटे जातात. आधी ब्राउझर बदलतात, मग अँटिव्हायरस काढतात, शेवटी विंडोज नव्याने टाकतात. आणि राउटरकडचा प्लग अर्धवट बसलेला आहे हे त्यानंतर लक्षात येते.

पार्श्वभूमी

या जोडणीमागचे तंत्र म्हणजे इथरनेट. रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात त्याची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासह ती प्रत्यक्षात आणली. ८०२.३ या क्रमांकाचे त्याचे प्रमाण मानक १९८३ मध्ये आले. सुरुवातीच्या इथरनेटमध्ये सगळे संगणक एकाच जाड केबलवर टांगलेले असत. ती केबल एका जागी तुटली की सगळ्यांचे काम थांबे, आणि दोष कुठे आहे ते कळायला अख्खी केबल पालथी घालावी लागे. पीळ घातलेल्या तारांच्या जोड्या वापरणारे मानक १९९० मध्ये आले आणि प्रत्येक संगणकाला हबपर्यंत, म्हणजे सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात त्या खोक्यापर्यंत, स्वतःची वेगळी वायर मिळाली. दोष शोधताना आज पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘एकट्याचेच बंद आहे की सगळ्यांचे?’ हा. त्याला अर्थ आला तो या बदलामुळे. पुढे तांब्याच्या तारेवरचा वेग १९९५ मध्ये सेकंदाला १०० मेगाबिट आणि १९९९ मध्ये १ गिगाबिट (१,००० मेगाबिट) झाला.

दिवा, प्लग आणि वायर

तपासणीआधी लॅपटॉपचे वाय-फाय बंद करावे. ते चालू असेल तर वायर मेलेली असतानाही पाने उघडत राहतात आणि चाचणीचा निष्कर्ष खोटा ठरतो. व्यावसायिक वापराच्या काही लॅपटॉपमध्ये वायर लावताच वाय-फाय आपोआप बंद करणारी सोय बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) असते. तिथे वाय-फाय बिघडल्याची तक्रार येते आणि बिघाड मात्र वायरीत असतो.

त्यानंतर पोर्टाशेजारचा दिवा पाहावा. पातळ लॅपटॉपवर तो नसतो, तेव्हा राउटरवरचा त्या पोर्टाचा दिवा पाहावा. दिव्यांचे रंग कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे रंगावरून अर्थ काढण्यात हशील नाही. पेटला की नाही आणि माहिती जाता-येता लुकलुकतो की नाही, एवढेच बघायचे. दिवा लागलाच नाही तर विंडोजच्या सेटिंगमध्ये जाण्यापूर्वी दुसरी, चालू असल्याची खात्री असलेली वायर लावावी. मग तीच वायर राउटरच्या दुसऱ्या पोर्टात. मग त्याच वायरीवर दुसरा लॅपटॉप. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे पथ्य इथे फार महत्त्वाचे आहे. वायर, पोर्ट आणि सेटिंग एकदम बदलले आणि नेट सुरू झाले, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही आणि आठवड्याने तो पुन्हा डोके वर काढतो.

प्लग हा सगळ्यांत कच्चा दुवा. त्याच्या पाठीवरची प्लॅस्टिकची क्लिप तुटली की तो पोर्टात बसल्यासारखा दिसतो, पण टेबल हलले की केसभर मागे सरकतो आणि नेट जाते. पातळ लॅपटॉपमध्ये पोर्टाचा खालचा जबडा ओढून उघडावा लागतो. तो पूर्ण न उघडता प्लग रेटला तर आतल्या बारीक पिना वाकतात. प्लग पारदर्शक असेल तर उजेडात धरून पाहावे: आठही तारा टोकाच्या भिंतीला टेकलेल्या दिसल्या पाहिजेत आणि बाहेरचे आवरण प्लगच्या आत दाबले गेलेले असले पाहिजे. आवरण बाहेरच राहिले असेल, तर ओढ थेट तारांवर पडते आणि क्रिंपिंग (तारांवर प्लग दाबून केलेली पकड) काही महिन्यांत ढिले होते. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा रंगक्रम असा: क्लिप पलीकडे ठेवून डावीकडून पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळी जोडी हिरव्या जोडीच्या मध्ये येते, ती उगाच नाही. तीन आणि सहा क्रमांकाच्या पिनांना एकाच पिळातल्या तारा मिळाव्या लागतात. रंग नुसते ओळीने लावून प्लग दाबला तर साध्या केबल टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात, पण पिळाच्या जोड्या फुटलेल्या असल्याने प्रत्यक्षात नेट अडखळते.

वायरीची लांबी १०० मीटरपेक्षा जास्त नसावी. स्वस्त वायरींमध्ये तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असते. तिचा विद्युतरोध जास्त, आणि वाकवली की ती लवकर तुटते. मानकाला शुद्ध तांबेच अपेक्षित आहे. दुकानातून वायर घेताना पहिल्यांदा विचारायची गोष्ट हीच, श्रेणीचा (कॅट ५ई, कॅट ६ असा) आकडा त्यानंतर.

अर्धवट चालणारी जोडणी

पूर्ण बंद पडलेल्या वायरीपेक्षा अर्धवट चालणारी वायर जास्त छळते, कारण दिवा लागलेला असतो आणि कुणालाच तिचा संशय येत नाही. याचे नेहमीचे रूप म्हणजे वेग ९४ मेगाबिटच्या आसपास अडकणे. योजना ३०० मेगाबिटची, वाय-फायवर २०० सहज मिळतात, आणि वायर लावली की आकडा काही केल्या ९५ ओलांडत नाही. १०० मेगाबिटच्या इथरनेटला आठपैकी चारच तारा लागतात, १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या. गिगाबिटला आठही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार तुटली की बऱ्याच चिप गिगाबिटचा नाद सोडून गुपचूप १०० वर उतरतात. विंडोजमध्ये इथरनेटच्या माहितीत ‘लिंक स्पीड’ १०००/१००० ऐवजी १००/१०० दिसला की ही शंका घ्यावी. अर्थात आधी राउटरचा पोर्ट गिगाबिटचा आहे ना ते पाहावे. अनेक स्वस्त राउटरांचे पोर्ट मुळातच १०० चे असतात. जुन्या इमारतींत एकाच वायरीतून दोन जोडण्या किंवा सोबत टेलिफोनची लाइन काढलेली असते, तिथेही गिगाबिट मिळणे शक्य नाही.

दुसरे रूप दुहेरी वाहतुकीच्या गोंधळाचे. दोन्ही टोकांच्या चिप वेग आणि वाहतुकीची पद्धत आपसात बोलून ठरवतात. कुणी एका बाजूला ‘स्पीड अँड डुप्लेक्स’मध्ये १०० फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांनी वाहतूक) असे हाताने ठरवून ठेवले, की दुसऱ्या बाजूला उत्तर मिळत नाही आणि ती हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने) धरून चालते. मग पिंग (समोरच्या यंत्राला हाक देऊन उत्तर येते का ते पाहणारी चाचणी) व्यवस्थित जातो, साधी पाने उघडतात, पण मोठी फाइल पाठवायला लागले की सगळे रांगू लागते. उपाय सोपा आहे: दोन्हीकडे ‘ऑटो नेगोशिएशन’. लिनक्सवर इथटूल या आज्ञेने ठरलेला वेग, डुप्लेक्स आणि चुकीच्या पाकिटांची (माहितीच्या तुकड्यांची) गणती एकाच ठिकाणी दिसते. डुप्लेक्स बरोबर असूनही ती गणती सतत वाढत असेल तर वायर किंवा प्लग दोषी आहे असे खुशाल समजावे.

पत्ता मिळत नाही

दिवा आहे, वेगही बरोबर आहे, तरी नेट नाही, अशा वेळी कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग देऊन लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी पत्ता) पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर लॅपटॉपने पत्ता मागितला, राउटरकडून उत्तर आले नाही आणि विंडोजने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला, असा त्याचा अर्थ. ॲपलच्या मॅक संगणकावरही असेच घडते. राउटर अडकलेला असतो, वायर राउटरच्या लॅन पोर्टाऐवजी वॅन पोर्टात (बाहेरून येणाऱ्या नेटच्या पोर्टात) खोचलेली असते, किंवा ऑफिसच्या स्विचवरचा तो पोर्ट नोंदणी न झालेल्या यंत्राला आत घेत नसतो. याउलट पत्ता व्यवस्थित दिसतो पण तो या जागेचाच नाही, असेही होते: ऑफिसात हाताने भरून ठेवलेला ठरीव पत्ता घरी तसाच राहिलेला असतो. तो ‘आपोआप’वर आणला की काम होते.

पत्ता बरोबर असेल तर पिंग ही आज्ञा वापरावी. माइक मूस यांनी ती १९८३ मध्ये नेमक्या अशाच, न उलगडणाऱ्या नेटवर्क बिघाडासाठी लिहिली होती. आधी राउटरच्या पत्त्याला, मग ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला, मग एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला पिंग करावा. राउटरला जातो पण बाहेर जात नाही, तर दोष राउटरच्या पुढे. आकड्याला जातो पण नावाला जात नाही, तर डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेत, घोळ. उत्तराचे शब्दही वाचावेत. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ हे उत्तर स्वतःच्याच पत्त्यावरून आलेले दिसले, तर ते राउटर सांगत नाही. समोर कुणी सापडत नाही असे आपलाच लॅपटॉप सांगतो आहे. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ मात्र तेवढे निर्णायक नाही, कारण काही राउटर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत.

महाराष्ट्रातल्या शहरांत केबलवाल्याकडून नेट घेणाऱ्यांना यातला एक वेगळाच प्रकार भेटतो. इमारतीतून आलेली वायर जुन्या लॅपटॉपला चालते आणि नव्याला चालत नाही. अनेक स्थानिक सेवादाते ग्राहकाच्या यंत्राचा मॅक पत्ता (नेटवर्क चिपचा स्वतःचा ओळख क्रमांक) नोंदवून ठेवतात आणि दुसऱ्या मॅक पत्त्याला नेट देत नाहीत. इथे लॅपटॉपमध्ये कितीही खटपट केली तरी ती वाया जाते. ऑपरेटरला फोन करून जुनी नोंद काढायला सांगावी. लॅपटॉपचा पोर्ट सोडून यूएसबी ॲडॅप्टर किंवा डॉक लावला तरी मॅक पत्ता बदलतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. काही जोडण्यांत राउटर नसेल तर लॅपटॉपवरच युजरनेम-पासवर्ड भरून ब्रॉडबँड जोडणी करावी लागते. या पद्धतीत प्रत्येक पाकिटातले ८ बाइट खर्ची पडतात आणि पाकिटाची कमाल मर्यादा १५०० बाइटवरून १४९२ वर येते. ती चुकीची लावली असेल तर काही संकेतस्थळे लख्ख उघडतात आणि काही नुसतीच फिरत राहतात.

ड्रायव्हर आणि वीजबचत

डिव्हाइस मॅनेजरमध्ये इथरनेट कार्डावर पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हरचा (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) दोष. तो नेटवरून उतरवायचा आणि नेटच नाही, या पेचातून मोबाइलचे यूएसबी टेदरिंग (मोबाइलचे नेट यूएसबी वायरीने लॅपटॉपला देणे) सोडवते. कार्ड यादीतच नसेल तर आधी बायोसमध्ये लॅन बंद केलेले नाही ना ते पाहावे. नंतर लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे. अडकलेली चिप कधीकधी एवढ्याने परत येते. विंडोजमधले ‘शट डाउन’ फास्ट स्टार्टअपमुळे अर्धवटच बंद करते, म्हणून अशा वेळी ‘रीस्टार्ट’ जास्त उपयोगी. झाकण मिटून उघडल्यावरच नेट जात असेल, तर कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवण्यासाठी यंत्र बंद करण्याची परवानगी काढून घ्यावी.

विंडोजवर संशय असेल पण खात्री नसेल, तेव्हा पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहणे ही सर्वांत स्वच्छ कसोटी. तिथे नेट चालले तर वायर, पोर्ट आणि चिप तिन्ही निर्दोष ठरतात आणि मगच विंडोजच्या ‘नेटवर्क रीसेट’ला हात घालावा. त्याने साठवलेले वाय-फाय पासवर्ड आणि व्हीपीएनच्या जोडण्याही पुसल्या जातात, म्हणून तो पहिला उपाय नव्हे.

जळालेला पोर्ट

गच्चीवरून किंवा दोन इमारतींच्या मधून उघड्यावर नेलेली वायर वळवाच्या पावसात धोक्याची ठरते. जवळपास वीज पडली की वायरीत दाब उसळतो आणि पोर्ट जळतो. पोर्टातले छोटे रोहित्र मानकाप्रमाणे १,५०० व्होल्टपर्यंतचा दाब अडवते, त्यापलीकडे त्याचे काही चालत नाही. गडगडाट सुरू होताच लॅपटॉपची वायर काढून ठेवावी. नुसता लॅपटॉप बंद करून भागत नाही. जळालेला पोर्ट मदरबोर्डावर बसवलेला असल्याने दुरुस्ती महाग पडते. लॅपटॉपचे बाकी सगळे नीट असेल तर यूएसबी-इथरनेट ॲडॅप्टर घेणे शहाणपणाचे. तो यूएसबी ३ च्या पोर्टात लावावा, कारण यूएसबी २ ची मर्यादाच सेकंदाला ४८० मेगाबिट आहे आणि गिगाबिटचा ॲडॅप्टर तिथे अर्ध्यावरच थांबतो.