कर्नाळा पक्षी अभयारण्यातील निसर्गशिक्षण

रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गालगतच्या कर्नाळा अभयारण्यात शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना पायी हिंडवून दिले जाणारे शिक्षण. हे अभयारण्य १९६८ मध्ये घोषित झाले. महाराष्ट्रातले ते पहिले पक्षी अभयारण्य मानतात. आरंभी साधारण साडेचार चौ. किमी असलेले क्षेत्र पुढे १२.११ चौ. किमी झाले. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांचा त्याच्या विकासात वाटा होता. मुंबई, पनवेल, पेण इथल्या मुलांना सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येते, त्यामुळे शाळांच्या सहली इथे सतत येतात.

ताडोबा किंवा पेंचमध्ये पर्यटकाला गाडीतून उतरता येत नाही आणि मुलांचे सारे लक्ष वाघ दिसतो का यातच अडकते. कर्नाळ्यात वाघ नाही. शिकण्याच्या दृष्टीने ही उणीव नसून मोठीच सोय आहे: मुले चालू शकतात, थांबू शकतात, कोळ्याच्या जाळ्यासमोर हवा तितका वेळ बसू शकतात. त्यासाठी हरियाल आणि मोरटाका या निसर्गवाटा आहेत. पहिली आखूड, लहान वर्गांना झेपणारी. दुसरी बरीच लांब.

काय शिकवायचे हे ऋतूवर ठरते. पावसाळ्यात पर्णसंभार इतका दाट असतो की पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो, म्हणून तेव्हाचा धडा कानांचा. पर्वत कस्तूराची लांबलचक शीळ माणसाने घातल्यासारखी वाटते, तर भृंगराज इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करून ऐकणाऱ्याला चकवतो. याच दिवसांत तिबोटी खंड्या ओढ्याकाठच्या मातीत बोगद्यासारखे घरटे खणतो आणि पिल्लांना सापसुरळ्या, बेडूक, खेकडे भरवतो. चिमणीहून लहान असा हा पक्षी रायगडचा जिल्हापक्षी आहे. त्याच्या घरट्याजवळ गर्दी झाली की आई-बाप चारा घेऊन ताटकळतात; मुलांना लांबूनच, दुर्बिणीतून दाखवणे हाच योग्य मार्ग. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावण्याची सवय तर मार्गदर्शकांनी मुळीच लावू नये.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते, सावर आणि पांगारा फुलतात. एका फुललेल्या पांगाऱ्याखाली अर्धा तास उभे राहिले तरी मैना, कोतवाल, सूर्यपक्षी येऊन जातात. मधासाठी कोण चोच खुपसतो आणि किड्यांसाठी कोण येतो, हे पाठ्यपुस्तकाशिवाय कळते.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यातून पान, फूल, बी काहीही आणता येत नाही. वर्गात चिकटवहीची सवय असलेल्या मुलांना हे आधी जड जाते. त्याऐवजी पानाचे चित्र काढणे, सालीवर कागद धरून पेन्सिलीने ठसा घेणे, ऐकलेले आवाज कोणत्या दिशेने आले ते बाणांनी कागदावर मांडणे असे उपक्रम घेता येतात, आणि चित्र काढणारे मूल पान खरोखर पाहते. दोन बस भरून आलेली मुले एकाच रांगेत चालवली तर मात्र शेवटच्याला पुढच्याच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. दहा-पंधरांचे गट करून मध्ये अंतर ठेवावे लागते.

या भागातील कातकरी आणि ठाकर समाजांतील जाणकारांना रानभाज्या, प्राण्यांचे माग, झाडांचे उपयोग यांचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे. असा माणूस सोबत असला तर सहलीचे मोल कितीतरी वाढते. त्याला योग्य मानधन देऊन शिक्षकाचा मान द्यायला हवा.

अभयारण्यातल्या कर्नाळा किल्ल्याच्या सुळक्यावर आग्या मोहोळे असतात. किल्ल्यावर विद्यार्थी नेताना उग्र अत्तरे, धूर आणि आरडाओरडा टाळावा लागतो. माश्या उठल्याच तर चेहरा झाकून, हात न झटकता लगेच त्या जागेपासून दूर जायचे, हे चढाईआधीच मुलांना सांगून ठेवावे. ऑक्टोबरच्या सुरुवातीचा वन्यजीव सप्ताह आणि महाराष्ट्राचा पक्षी सप्ताह (५ ते १२ नोव्हेंबर) हे शाळांच्या सोयीचे दिवस. त्यांतला पक्षी सप्ताह चितमपल्लींच्या जन्मदिनी सुरू होऊन पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिनी संपतो.