तिकाल म्हणजे जंगलातलं चिचेन इत्झा नव्हे

अमेरिकेतली मराठी मंडळी डिसेंबरात मेक्सिकोच्या किनाऱ्यावरच्या कॅनकूनला निघाली की व्हॉट्सॲपवर एक प्रश्न ठरलेला असतो: "चिचेन इत्झा करायचं की तिकाल?" आणि उत्तरही ठरलेलं: "दोन्ही प्राचीन माया लोकांच्या शहरांचेच अवशेष, जे सोयीचं पडेल ते करा." हे उत्तर देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी दुसरं पाहिलेलं नसतं. चिचेन इत्झा मेक्सिकोत, कॅनकूनपासून साधारण २०० किलोमीटरवर, अडीच तासांत गाठता येतं. तिकाल ग्वाटेमालात, पेतेनच्या जंगलात. कॅनकूनहून रस्त्याने जायचं तर बेलीझ ओलांडून, दोन सीमा पार करून जावं लागतं. "सोयीचं पडेल ते" हा पर्याय तिथेच संपतो.

चिचेन इत्झा तुम्हाला माहीत आहे. कुकुल्कान या सर्पदेवाचा तो पिरॅमिड, ३६५ पायऱ्यांचा हिशेब, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी उतरणारा सापाचा आकार, टाळी वाजवली की पाखरासारखा येणारा प्रतिध्वनी. पिरॅमिडवर चढायला २००६ पासून बंदी आहे. वर्षाला वीस लाखांहून जास्त लोक येतात, आणि सकाळी दहा-साडेदहाला तुम्ही तिथे असाल तर ते सगळे त्याच दिवशी आलेत असं वाटतं. गेट आठला उघडतं, तेव्हाच आत शिरा. यात एक गंमत आहे, जी टूरवाले सांगत नाहीत: कॅनकूनचं घड्याळ युकातानच्या, म्हणजे चिचेन इत्झा ज्या राज्यात आहे त्याच्या, एक तास पुढे असतं. म्हणजे कॅनकूनहून साडेसहाला स्वतःची गाडी काढली तरी तिथल्या आठला तुम्ही दारात. त्याहून बरं म्हणजे आदल्या रात्री जवळच्या वायादोलिद गावात मुक्काम.

आता खरा घोळ. चिचेन इत्झा ही बघून होणारी जागा आहे. मोकळं मैदान, मधोमध पिरॅमिड, एका बाजूला १६८ मीटर लांबीचं चेंडूचं मैदान, थोडं चाललं की पवित्र सेनोते (चुनखडीत तयार झालेली पाण्याची नैसर्गिक विहीर). अडीच-तीन तासांत नीट पाहून होतं, एक गेट, एक फेरी. हाच हिशेब डोक्यात ठेवून लोक तिकालला जातात: सकाळची बस, दुपारी जेवण, संध्याकाळी फ्लोरेसला, म्हणजे तिकालला जाणारे जिथे उतरतात त्या सरोवराकाठच्या गावी, परत. आणि मग येऊन सांगतात की "ठीक आहे, पण चिचेन इत्झा जास्त भव्य वाटलं." वाटणारच. तिकाल ज्या वेळी बघायचं, नेमक्या त्याच वेळी ते बसमध्ये होते.

तिकालचा मध्यभागच सुमारे १६ चौरस किलोमीटरचा, त्यात तीन हजारांच्या आसपास बांधकामांची नोंद झालेली, आणि बहुतेक अजून माती आणि झाडांखाली. मोठा चौक सोडला तर एका देवळापाशी उभं राहून दुसरं सहसा दिसत नाही. वीस मिनिटं झाडीतून चालायचं, तेव्हा एकदम समोर चढ येतो आणि कळतं की ही टेकडी नाही, इमारत आहे. त्यात पार्कचं गेट आणि प्रत्यक्ष अवशेष यांच्यात जवळजवळ १७ किलोमीटर जंगलातला रस्ता. फ्लोरेसहून गेटपर्यंत येण्याचा वेळ, मग हा रस्ता, मग पायपीट, हे धरलं तर दिवसाच्या सहलीला हाती येतात ते सकाळी दहा ते दुपारी दोन. दमट उकाड्याचे, माकडं झाडांत झोपलेली असण्याचे, चौकात सर्वांत जास्त गर्दी असण्याचे तास.

तिकालचे खरे तास दोनच: उघडल्यापासून सकाळी आठपर्यंत, आणि दुपारी तीन-साडेतीननंतर. पहाटे हाउलर माकडं ओरडायला लागतात आणि पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास विचारतो की हा जॅग्वार का. (चिचेन इत्झामध्ये जॅग्वारची डरकाळी ऐकू येते ती विक्रेत्यांच्या शिट्टीची. दिवसभर, दर दहा पावलांवर. त्या शिट्टीचा मला मनापासून राग आहे.) दुपारनंतर बसगाड्या निघून जातात, मोठा चौक रिकामा होतो, आणि पहिल्या क्रमांकाच्या देवळाचं तोंड पश्चिमेला असल्यामुळे उतरतं ऊन सरळ त्याच्या पायऱ्यांवर येतं. कोआती (लांब नाकाचे, रॅकूनच्या जातीतले प्राणी) शेपट्या वर करून ओळीने चौकातून जातात. हे सगळं मिळवायचा मार्ग एकच: पार्कच्या आत मुक्काम. अवशेषांच्या दाराशीच थोडी हॉटेलं आहेत. महाग आहेत, खोलीच्या मानाने जास्तच महाग, वीज जनरेटरवर आणि ठरावीक तास. तरीही तिथेच राहा. दुपारी पोहोचा, संध्याकाळपर्यंत फिरा, झोपा, सहाला पुन्हा आत, आणि बाहेरच्या बस यायच्या वेळेला न्याहारी करून निघा.

मग "सूर्योदय टूर"चं काय, असं विचाराल. फ्लोरेसहून रात्री तीनला निघणाऱ्या या टूरबद्दल माझं मत वाईट आहे. पार्कच्या ठरलेल्या वेळेआधी आत जायला वेगळं तिकीट आणि परवानाधारक गाइड लागतो, अंधारात चालत चौथ्या देवळावर चढायचं, सुमारे ६५ मीटर उंच, लाकडी जिन्याने, आणि मग बहुतेक वेळा समोर धुकं. जंगल रात्रभर सोडत असलेल्या ओलाव्यामुळे पहाटे धुकं असणं हा तिथला नियमच आहे. लख्ख सूर्योदय हा अपवाद. धुक्यातून पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या देवळांची टोकं हळूहळू वर येताना पाहणं सुंदर आहे, पण ते आत राहून सहा वाजता गेलं तरी दिसतं, आणि शेजारी फोनवर बोलणारा घोळका नसतो.

बाकीचे फरक किरकोळ. तिकालमध्ये काही देवळांवर लाकडी जिन्यांनी चढता येतं, पहिल्यावर नाही. पोशाखाच्या बाबतीत लोक नेमकं उलटं करतात: चिचेन इत्झाला ट्रेकिंगचे बूट आणि तिकालला चपला. चिचेन इत्झाला हवी टोपी, सनस्क्रीन आणि पाणी, कारण पांढऱ्या चुनखडीवरून ऊन वर मारतं आणि सावली जवळपास नाही. तिकालला हवी लांब पँट, पकड असलेले बूट आणि डासांचं औषध. मे ते ऑक्टोबरच्या पावसात त्या मुळांवरून आणि ओल्या दगडांवरून घसरणं फार सोपं आहे. पोहण्याचे कपडे चिचेन इत्झाच्या बॅगेत ठेवा, जवळ इक किल सेनोते आहे. तिकालला सेनोते नाही, नदीही नाही. मायांनी तिथे पावसाचं पाणी साठवायला तलाव बांधले होते. पोहायचं असेल तर फ्लोरेसचं सरोवर. ग्वाटेमालाचं चलन केट्झाल, ते रोख घेऊन जा, एटीएम फ्लोरेस आणि शेजारच्या सांता एलेनाला आहेत. शाकाहारी असाल तर भात, घेवड्याची उसळ, अंडी आणि तोर्तिया यांच्यावर दोन दिवस निघतात, पण उसळीत डुकराची चरबी असते का हे आधी विचारा.

"दोन्ही एकाच काळातली" असंही म्हणतात, तेही खोडून टाकतो. तिकालमधला तारीख कोरलेला शेवटचा शिलास्तंभ ८६९ सालचा आहे. चिचेन इत्झाचा भरभराटीचा काळ मुख्यतः त्याच सुमारास सुरू होऊन पुढे जातो.

एच-१बीवर (अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर) असणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष वाचावी. पासपोर्टवरचा अमेरिकन व्हिसा संपलेला असला तरी आय-९४ (अमेरिकेत राहण्याच्या मुदतीची नोंद) वैध असेल, तर मेक्सिको किंवा कॅनडात ३० दिवसांपर्यंत जाऊन परतण्याची सवलत अमेरिकेच्या नियमांत आहे. ती ग्वाटेमालाला लागू नाही. "जाता जाता तिकाल करून येऊ" म्हणून सीमा ओलांडलीत की ती सवलत गेली, आणि परतीच्या आधी कॉन्सुलेटमध्ये स्टॅम्पिंगची, म्हणजे नव्या व्हिसाची, रांग. शिवाय भारतीयांना मेक्सिकोत व्हिसाशिवाय प्रवेश मिळतो तो वैध अमेरिकन व्हिसा किंवा ग्रीन कार्डाच्या जोरावर. व्हिसा संपला असेल तर मेक्सिकोचाही आधी काढावा लागतो.

अशा अडचणीत असाल आणि जंगलच हवं असेल, तर मेक्सिकोतच कलाकमुल आहे, तिकालचं जुनं वैरी शहर. ६९५ साली तिकालच्या राजाने त्याला हरवलं. तिथे चढता येतं, गर्दी नाही, आणि वरून क्षितिजापर्यंत फक्त झाडं. मुक्काम जवळच्या श्पुहिल गावात करा, पेट्रोलची टाकी भरा, पाणी आणि डबा सोबत घ्या: महामार्ग सोडल्यावर अवशेषांपर्यंत ६० किलोमीटरचा अरुंद रस्ता आहे आणि त्यावर ओसेलेटेड टर्की (रंगीत पिसांचे रानपक्षी) निवांत उभ्या असतात, हॉर्न देऊन हलत नाहीत.