वर्टोंगन कोण आणि आल्डरवेरेल्ड कोण?

२०१५ ते २०२० या काळात लंडनच्या टॉटनहॅम या फुटबॉल क्लबचे सामने पाहिले असतील, तर हा गोंधळ तुमचाही झाला असणार. दोघं उंच, दोघं बेल्जियमचे, दोघं सेंटर बॅक, म्हणजे मधले बचावपटू. आडनावं अशी, की कॉमेंटेटरने उच्चारेपर्यंत बॉल दुसऱ्याकडे गेलेला असायचा. त्यात मागची वाटही एकच: बेल्जियमच्या अँटवर्प शहरातल्या जर्मिनल बेअरस्कॉट क्लबची ही पोरं, तिथून नेदरलँड्सच्या आयाक्स क्लबच्या अकादमीत गेली आणि पुढे लंडनला पोचली.

ओळखायची खूण पायात आहे. यान वर्टोंगन (जन्म १९८७, 'जान' नव्हे, यान) डाव्या पायाचा, म्हणून डावीकडे. टोबी आल्डरवेरेल्ड (१९८९) उजव्या पायाचा, म्हणून उजवीकडे. यान बॉल घेऊन स्वतःच पुढे घुसायचा, गरज पडली तर लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या कडेचा बचावपटू म्हणूनही खेळायचा. टोबी सहसा जागा सोडत नसे. तो मान वर करायचा आणि मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला धावणाऱ्या सहकारी डेले अलीच्या पुढ्यात बॉल नेऊन ठेवायचा. तो लांब पास दिसला की नाव विचारायची गरज नाही. या दोघांच्या टॉटनहॅमने २०१६-१७ मध्ये इंग्लिश प्रीमियर लीगच्या ३८ सामन्यांत फक्त २६ गोल खाल्ले, सर्वांत कमी. तरी लीगमध्ये दुसरेच!

दोघं एकमेकांत मिसळतात म्हणावं, तर एकदा खरोखरच आदळले. २०१९ ची चॅम्पियन्स लीग सेमीफायनल, समोर त्यांचंच जुनं आयाक्स. आपल्याकडे मध्यरात्र उलटून महाराष्ट्र दिन लागला होता. एकाच बॉलसाठी दोघं उडाले आणि यानचं तोंड टोबीच्या डोक्यावर आपटलं. नाकातून रक्त. शर्ट बदलून तो परत आला, पण थोड्याच वेळात त्याला धरून बाहेर न्यावं लागलं. चक्कर आणि डोकेदुखी पुढे नऊ महिने सुटली नाही, हे त्याने नंतर सांगितलं. त्याला मैदानात परत सोडायलाच नको होतं, असं माझं मत.

करिअरचा हिशेब मात्र अगदी वेगळा. यान म्हणजे टिकाव: टॉटनहॅममध्ये आठ वर्षं, बेल्जियमसाठी १५७ सामने, म्हणजे देशाचा विक्रम. २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये जपानविरुद्ध ०-२ असताना त्याच्याच उंच, कमानीसारख्या गेलेल्या हेडरने पुनरागमन सुरू झालं. पण देशासाठीचा त्याचा शेवट वाईट झाला. युरो २०२४ मध्ये फ्रान्सच्या कोलो मुआनीचा फटका त्याला लागून आत गेला आणि बेल्जियम ०-१ ने बाहेर.

टोबीचे देशाचे सामने १२७. पण आयाक्सनंतरही चषक त्याच्याच वाट्याला आले: २०१४ मध्ये ॲटलेटिको माद्रिदबरोबर स्पॅनिश लीग आणि मग ४ जून २०२३. बेल्जियन लीगच्या मोसमाचा शेवटचा दिवस, गेंक क्लबच्या मैदानावर टोबीचा क्लब अँटवर्प १-२ ने मागे, ९४वं मिनिट. बचावपटू टोबीने बॉक्सबाहेरून उजव्या पायाने बॉल वरच्या कोपऱ्यात मारला. बरोबरी पुरली: अँटवर्प १९५७ नंतर पहिल्यांदा चॅम्पियन, आणि कॅप्टन त्याच शहरातला.

बूट दोघांनी २०२५ मध्येच काढले. तेव्हा मात्र टोबी अँटवर्पचा होता आणि यान बेल्जियमच्याच अँडरलेख्ट क्लबचा.