अमेरिकेत डिव्हिजन दोन-तीनमध्ये बास्केटबॉल: फाइल नेमकी कुठे अडते

आधी पैशाचं बोलू. अमेरिकेतल्या कॉलेजांचे खेळ एनसीएए ही संघटना चालवते, आणि डिव्हिजन म्हणजे तिने पाडलेले कॉलेजांचे गट. त्यातल्या डिव्हिजन तीनमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसते. मुलांना नाही, मुलींनाही नाही. एमआयटी, कॅलटेक याच डिव्हिजनमधल्या. तिथे मदत मिळाली तर ती अभ्यासावर किंवा घरच्या आर्थिक परिस्थितीवर. 'डिव्हिजन तीनची फुल स्कॉलरशिप करून देतो' म्हणणाऱ्या एजंटला नमस्कार करून उठा. डिव्हिजन दोनमध्ये मुलांच्या संघाला 10 आणि मुलींच्या संघाला 10 शिष्यवृत्त्यांची कमाल मर्यादा आहे, आणि त्या तुकडे करून वाटता येतात. म्हणून प्रशिक्षक 'देतो' म्हणाले की किती टक्के, हे लेखी घ्या.

नोंदणी एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरवर, म्हणजे खेळाडूंची पात्रता तपासणाऱ्या कार्यालयाकडे, ऑनलाइन. डिव्हिजन दोनसाठी शैक्षणिक आणि हौशी खेळाडू असल्याची, अशी दोन्ही तपासणी होते. डिव्हिजन तीनला जाणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांची फक्त दुसरी. पात्रतेला एसएटी ही प्रवेशपरीक्षा लागत नाही.

खरी रडारड नववीच्या निकालाची. डिव्हिजन दोनला 16 मुख्य विषय आणि त्यांत किमान 2.2 जीपीए (4 पैकी धरलेली गुणांची सरासरी) लागतो, आणि हिशेब नववीपासून धरतात. आपल्याकडे दहावी-बारावीची गुणपत्रिका लॅमिनेट करून ठेवतात. नववीचं प्रगतिपुस्तक रद्दीत गेलेलं असतं. अकरावीचा निकाल बोर्ड नव्हे, कॉलेज देतं, त्यामुळे तोही तिथूनच मागायचा. शाळेतून 'नववीचं कशाला हवंय, दहावी पास आहे ना?' असं ऐकावं लागेल. वाद न घालता मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. प्रगतिपुस्तक मराठीत असेल तर मूळ प्रतीसोबत ओळीला ओळ इंग्रजी भाषांतर जोडा. गोषवारा चालत नाही. शारीरिक शिक्षणाचे गुण मात्र धरत नाहीत, मग तुम्ही राज्य संघातून खेळलेले का असेना!

दुसरा खड्डा बारावीनंतरचा. 'व्हिसा होईपर्यंत इथे एफवायला प्रवेश घेऊन ठेवू' हे घरोघरी ठरतं. पण डिव्हिजन दोन आणि तीनमध्ये खेळायला पूर्णवेळ शिक्षणाची पहिली 10 सत्रंच मिळतात, आणि ती कोणत्याही देशातल्या पदवी कॉलेजात बसलात की मोजायला लागतात. वर बदली विद्यार्थ्याचे नियम लागतात ते वेगळे. अकरावी-बारावीचं ज्युनिअर कॉलेज यात येत नाही. गॅप घेऊन क्लब सामने खेळणार असाल, तर आधी त्या विद्यापीठाच्या कंप्लायन्स कार्यालयाला (खेळाचे नियम पाळले जातात का हे पाहणाऱ्या) ईमेल करा. तोंडी उत्तरावर जाऊ नका.

'महिने झाले, फाइल हलत नाही' ही तक्रार नेहमीची. एखाद्या विद्यापीठाने तुमचं नाव आपल्या यादीत टाकल्याशिवाय तपासणी सुरूच होत नाही. तेव्हा सेंटरवर चिडण्याआधी प्रशिक्षकांना विचारा. शिवाय ऑगस्टच्या प्रवेशासाठी हौशीपणाचं अंतिम प्रमाणपत्र 1 एप्रिलपासून तुम्हीच सेंटरवरच्या आपल्या ऑनलाइन खात्यातून मागायचं असतं. ही शेवटची तारीख नाही, सुरुवातीची आहे. लोक उलटं वाचतात.

थ्री-ऑन-थ्री (तिघा-तिघांच्या संघांच्या) स्पर्धेत रोख बक्षीस घेतलं असेल तर हौशीपणाच्या तपासणीत ते लपवू नका. स्पर्धा, तारीख, रक्कम लिहा.

नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच सगळीकडे भरा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, तेवढ्यावरूनही फाइल अडकते. आणि प्रशिक्षकांची ईमेल म्हणजे प्रवेश नव्हे: आय-20 (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा कागद) विद्यापीठ देतं, शिष्यवृत्ती वजा जाता उरलेल्या पहिल्या वर्षाच्या खर्चाचा पुरावा पाहून. बँकेचे कागद त्याआधीच जुळवा.