रंग, ऊन आणि गाठ

आमच्या घरी चादर वाळत घालताना आई ती नेहमी उलटी टाकायची. सुलट बाजू उन्हाला लागली की रंग विटतो. सोलापूरच्या उन्हात हे कुणाला शिकवावं लागत नाही. कापडाच्या रसायनशास्त्रातली एक गोष्ट मात्र मला खूप उशिरा कळली. काही पिवळे-नारिंगी व्हॅट रंग (सुताला देतात ते एक प्रकारचे पक्के रंग) उन्हात स्वतः टिकतात, पण धागाच कमजोर करतात. रंग प्रकाश शोषतो आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने सूत जाळत जातो.

हेच त्रिकूट, म्हणजे रंग, प्रकाश आणि ऑक्सिजन, कर्करोगावर वापरतात. त्याला फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात. सुरुवातही रंगापासूनच झाली. 1897-98 च्या हिवाळ्यात म्युनिकमध्ये ऑस्कर राब हा विद्यार्थी ॲक्रिडीन नावाच्या रंगद्रव्याचा पॅरामिशियम या एकपेशीय जीवावर काय परिणाम होतो ते पाहत होता. तेच द्रावण, पण प्रकाशात ते जीव मरत आणि अंधारात जगत. 1903 मध्ये त्याच्या गुरूंनी, टॅपायनर यांनी, इओसिन हा रंग लावून त्वचेच्या गाठींवर प्रकाश टाकून पाहिला.

आज वापरतात त्या फोटोफ्रिनसारख्या औषधाचं इंजेक्शन शिरेतून देतात. साधारण दोन दिवस थांबतात. तोवर निरोगी पेशींतून औषध बरंचसं निघून जातं आणि गाठीत जास्त उरतं. मग 630 नॅनोमीटरचा लाल लेसर. औषध ती ऊर्जा जवळच्या ऑक्सिजनला देतं. असा खवळलेला ऑक्सिजन केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकंही अंतर जेमतेम कापतो आणि तेवढ्यात समोर येईल ते जाळतो. म्हणून मारा नेमका होतो.

लालच का? रात्री दिवा मालवून मोबाईलचा टॉर्च बोटाला टेकवून पाहा. पांढऱ्या उजेडातला फक्त लाल पलीकडे येतो, निळा-हिरवा रक्तच पिऊन टाकतं. पण लालही फार आत जात नाही. काही मिलीमीटर, फार तर सेंटीमीटरभर.

स्तनाच्या कर्करोगाची सगळी अडचण इथेच आहे. गाठ बहुतेकदा याहून खोल असते आणि काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत पसरलेला रोग बाहेरून टाकलेल्या प्रकाशाला सापडत नाही. ऑपरेशननंतर छातीच्या त्वचेवर रोग उलटला, तर मात्र तो आवाक्यात येतो. अमेरिकेत टॉमस डोहर्टी यांनी 1978 मध्ये 25 रुग्णांच्या त्वचेवरच्या व त्वचेखालच्या 113 गाठींचे निष्कर्ष मांडले, त्यांत स्तनाच्या कर्करोगाच्याही गाठी होत्या. सुईतून प्रकाश वाहून नेणारा बारीक तंतू घालून आतल्या गाठीपर्यंत उजेड नेण्याचे प्रयोगही झाले आहेत. पण ते अजून प्रयोगच आहेत. 'प्रकाशाने गाठ विरघळते, कापाकापी नको' असं कुणी बाईला सांगत असेल, तर तो तिच्या जिवाशी खेळतो आहे. आपल्या जिल्ह्यात बार्शीला कर्करोग रुग्णालय आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तिथेच 1987 मध्ये सुरू झाली. गाठ हाताला लागली की आधी तिथली तपासणी, आणि शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन यांपैकी जे डॉक्टर सांगतील ते.

या उपचाराची आणखी एक बाजू सोलापूरकरांनी समजून घ्यावी अशी आहे. फोटोफ्रिन दिल्यावर निदान 30 दिवस उन्हात जाता येत नाही. औषध थोडंफार कातडीतही राहतं आणि ऊन लागताच तिथे भाजल्यासारखं होतं. सनस्क्रीनचा उपयोग नाही, कारण ते अतिनील किरण अडवतं, दिसणारा प्रकाश नाही. खिडकीची काचही तो अडवत नाही. वैशाखात, पारा 40 च्या वर असताना, पूर्ण बाह्या, टोपी, हातमोजे घालूनच बाहेर पडायचं.

पण म्हणून अंधाऱ्या खोलीतही बसायचं नाही, असं डॉक्टर बजावतात. घरातल्या साध्या दिव्याच्या उजेडात राहायचं. त्या मंद उजेडात कातडीतलं औषध हळूहळू निकामी होत जातं, चादरीचा रंग विटावा तसं.